वाटीवरची दोन नावं

नाना, उद्या तुझ्या उत्तरकार्याच्या गंधमुक्तीला वाटायचे पेले आले. स्टीलचे आहेत. प्रत्येकावर आधी 'कै.', मग तुझं पाळण्यातलं नाव, ज्या नावानं तुला आयुष्यभरात कुणी हाक मारली नाही, आणि शेवटी 'यांच्या स्मरणार्थ'. सगळं मशीननं टाकलंय. रेघ सरळ आहे, अक्षर एकसारखं आहे, आणि वरून अंगठा फिरवला तर अंगठ्याला काही लागत नाही. तू असतास तर पेला उलटासुलटा करून बघितला असतास आणि म्हणाला असतास, "हाई नाव नही आबा, हाई ठसा शे."

पेल्यावर काय टाकायचं ते लिहून द्यायला वहिनींनी, तुझ्या बायकोनं, मलाच सांगितलं. "तुमचं अक्षर चांगलं शे आबा," म्हणाल्या. मी जन्मभर तलाठी होतो. साक्रीकडच्या गावांत लोकांची नावं उताऱ्यावर चढवली, कमी केली, फेरफार केले. हात कधी अडला नाही. तुझं नाव लिहायला मला तीन कागद लागले. दोन फाडले. तिसऱ्यावरही 'कै.' जरा वाकडंच आलं.

मला जे सांगायचं आहे ते उद्या सगळ्यांसमोर सांगायचं आहे. ते जमेल याची खात्री नाही. म्हणून आधी तुला सांगतो. तुला ते ठाऊक आहे, तरीही.

सातवीपर्यंत आपण एका बाकावर होतो. मग तुझ्या वडिलांनी तुला भांडे बाजारात शेठच्या दुकानाच्या ओट्यावर नेऊन बसवलं. खाली पोतं, मांडीत भांडं, डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात छोटी हातोडी. टिक टिक टिक. टिंबाला टिंब जोडत तू धुळ्यातल्या अर्ध्या घरांची नावं टाकलीस. लग्नाची भांडी, बारशाची भांडी, आंदणाची भांडी. गिऱ्हाइकानं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचं, हा तुझा नियम. आणि नाव टाकून झालं की भांडं त्याच्याकडे वळवून तू म्हणायचास, "वाच." मनात वाचलेलं तुला चालायचं नाही. मोठ्यानं. ज्याला वाचता येत नसे, त्याला तू वाचून दाखवायचास आणि त्याच्या तोंडून ते नाव वदवून घ्यायचास. तोवर भांडं मांडीतून हलत नसे. पन्नास वर्षांत तुझ्या हातून एकही नाव चुकलं नाही ते यामुळे, असं तू सांगायचास. सुमन रावेरहून लग्न होऊन माझ्या घरी आली तेव्हा तांब्या, पातेली, परात, सगळ्यांवर 'सौ. सुमन' तूच टाकलंस. त्या वेळी मला प्रत्येक भांड्यावर वाचायला लावलं होतंस. नव्या नवरीसमोर वीस वेळा तिचं नाव मोठ्यानं घेताना माझे कान तापले होते आणि तू मान खाली घालून हसत होतास.

सुमन गेली त्यानंतर चार वर्षांनी आमच्या वैशूला जपानात मुलगी झाली. जावई तिकडचाच. लग्नाच्या वेळी मी अबोला धरला होता, तो तूच मोडायला लावलास. नात झाली म्हटल्यावर मी मनातल्या मनात तिचं नाव ठरवून टाकलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. वाटलं, वैशूला आपोआप कळेल. तिचा फोन आला, "बाबा, नाव ठेवलं. आओ." आणि मोबाईलवर तिनं एक अक्षर पाठवलं: 青. मी म्हणालो, "छान आहे." खोट्याची सुरुवात तिथेच झाली.

उष्टावणासाठी ती बाळाला घेऊन धुळ्याला येणार होती. मी चांदीची वाटी घेतली आणि तुझ्याकडे आलो. ओट्यावर शेठ बसला होता. त्यानं मोबाईलमध्ये डोकावून विचारलं, "आओ? मग दुसरी झाली की तिचं काय, जाओ?" मला लाज वाटली. तू मान वर न करता म्हणालास, "शेठ, तुमना दुकानमां तं 'आओ' म्हनीसनी बी कोनी येत नही." शेठही हसला. मी हसलो नाही.

तुला वाटलं असतं तर मोबाईलवरचं अक्षर जसंच्या तसं पंधरा मिनिटांत टिपून दिलं असतंस. तू नाही म्हणालास. "जे माले वाचता येत नही, ते मी टाकाव नही." जे वाचता येत नाही ते टाकणार नाही. मग वैशूला फोन लावला. पुढचे तीन आठवडे दर रविवारी, सत्तरीतला तू आणि मोबाईलमधली वैशू, अशी तुमची शाळा भरायची. मोबाईल मी धरायचो.

"काका, आठ रेघा आहेत. आधी वरची आडवी. मग उभी. मग आडव्या दोन, त्यातली खालची सगळ्यांत लांब. मग खाली चौकट. डावा पाय, मग वरून वळून उजवीकडे उतरणारी एकच रेघ, तिचं टोक आत वळवायचं. मग आत दोन पायऱ्या. क्रम बदलायचा नाही."

"क्रम कोन देखस? वाटीवर तं बठ्ठ्या रेघा एकदमच दिखतीस." तुझं म्हणणं, सगळ्या एकदमच दिसतात.

"लिहिणाऱ्याला कळतं, काका."

यावर तू म्हणालास, "हाई माले पटनं."

तुझी खरी अडचण वेगळीच होती. तू नाव टाकायचास तेव्हा आधी वरची लांब रेघ ओढून घ्यायचास आणि मग एकेक अक्षर तिला टांगायचास. भांडं गोल असतं, रेघ सरळ गेली की नाव सरळ जातं. इथे तसली रेघच नव्हती. "याले छप्परच नही आबा, मंग मी टांगू कथा?" टांगायचं कुठे, हाच तुझा घोर. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तू त्यावर सराव केलास. पहिल्या दिवशी सवयीनं तू त्या अक्षरावर शिरोरेषा ओढलीस. वैशू इतकी हसली की बाळ उठलं. आठवडाभरात तुला उपाय सापडला. सगळ्यांत लांब आडवी रेघ मधे आहे, तिलाच तू आढं मानलंस, आणि अर्धं अक्षर त्याच्यावर उभं केलंस, अर्धं त्याच्याखाली टांगलंस. तरी रेघांचा क्रम मोडला नाहीस. ती चौथी रेघ कुठे येणार हे आधी अंगठ्यानं मापून घ्यायचास आणि मगच पहिली ठोकायचास.

अर्थ विचारल्याशिवाय तुझं समाधान होईना. वैशूनं सांगितलं, हे रंगाचं नाव आहे.

"कोन्ता रंग? निया का हिरवा?" निळा म्हणताना तू निया म्हणायचास.

"दोन्ही, काका. आभाळाचा तोच, कोवळ्या पानाचा पण तोच. इकडे सिग्नल हिरवा लागला तरी आओ लागला म्हणतात. कच्च्या फळालाही म्हणतात."

"म्हंजे रंगमां बी भेसय," तू म्हणालास. पण दोन दिवसांनी आग्रा रोडवर आपण रस्ता ओलांडायला उभे होतो आणि तू माझा दंड धरलास. "आओ लागना, चाल आबा." रावेरकडून हिरव्या केळ्यांचा ट्रक आला की, "देख तुन्ही सासरवाडीना ट्रक. बठ्ठी केयी आओ." एकदा वहिनींनी तुला कच्ची वांगी वाढली, तर तू म्हणालास, हाई भाजी आओ शे. वहिनी म्हणाल्या, "जपानले जा मंग जेवाले." अक्षर वाचायला शिकलास, लिहायला शिकलास, आणि वापरायलाही माझ्या आधी तूच शिकलास. माझ्या सख्ख्या नातीचं नाव माझ्या तोंडात येण्याआधी तुझ्या तोंडात बसलं होतं. याचा मला त्या वेळी राग यायचा. आज लिहितोय म्हणून कबूल करतो.

वाटी झाली. तू ती माझ्याकडे वळवलीस. "वाच."

"आओ," मी हळूच म्हणालो. शेठ गल्ल्यावर होता.

"माले ऐकू नही उना."

मला ते तीनदा म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आलो. हातात वाटी आणि एक चिठ्ठी होती. तू चिठ्ठी वाचलीस. "हाई काय?"

"त्या अक्षराच्या खाली एवढं टाक."

"सुमन वहिनीनं नाव?"

"तिची आजीच ना ती."

"आबा, आजीनी वाटीवर आजीनं नाव. पोरनी वाटीवर पोरनं."

"तुझ्याकडे चिठ्ठी आली, तू टाकायचं. तुला काय करायचंय?"

"नाव मायबाप ठेवतंस. तेस्नी ठेवेल नाव मी टाकस, आजाना मनमांनं नही. वैशू व्हय म्हनी तं आते टाकस. लाव फोन."

मी फोन लावला नाही. कारण वैशू नाही म्हणाली असती, आणि तिनं नाही म्हटलं असतं तर सुमन दुसऱ्यांदा गेली असती. हे तुला सांगायला हवं होतं. तू ऐकलं असतंस. कदाचित म्हणाला असतास, चल, दुसरी वाटी घेऊ, तिच्यावर वहिनीचं नाव टाकतो. पण मी वाटी उचलली आणि तुला म्हणालो, "दोन रेघा जपानी शिकलास म्हणून डोकं वर चढलंय तुझं." आपलं ते भांडण तिथेच अर्धवट राहिलं. चिठ्ठी तुझ्याच हातात राहिली, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मागच्या गल्लीत मशीनवाला होता. त्यानं दोन मिनिटांत 'सुमन' टाकून दिलं. वाचायला सांगितलं नाही.

उष्टावणाला चाळीसेक माणसं होती. जावयाला सुट्टी नव्हती, तो आला नव्हता. माझा पुतण्या मामा म्हणून पाटावर बसला. खीर वाटीत घातली, आणि वैशूनं वाटी हातात घेऊन फिरवली. तिचा चेहरा मी बघितला. ती रागावली नाही, ती घाबरली. तिला वाटलं असणार, बाबांनी माझ्या लेकीचं नाव मान्यच केलेलं नाही.

"बाबा, हे कोणी टाकलं?"

सगळे बघत होते. मला अजूनही कळत नाही, नाना, ते शब्द इतके तयार कसे होते. मी म्हणालो, "नानानं टाकलं असणार. आपल्या घरची सगळी भांडी त्यानं सुमनच्या नावानं कोरली. हाताला सवय. आता वय झालं, हात आपोआप गेला असेल."

तेवढ्यात तू दारात चपला काढताना मला दिसलास. तू ऐकलं होतंस. आत आलास, वैशूच्या हातातून वाटी घेतलीस आणि त्या नावावरून अंगठा फिरवलास. मशीनची रेघ गुळगुळीत असते, तुझी टिंबं बोटाला लागतात. तुला त्या अंगठ्यानं सगळं सांगितलं असणार. तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. मग वैशूला म्हणालास, "व्हय वैशू. हात गया मन्हा. मनमां वहिनीच व्हती."

वैशू रडली. वाकून तुझ्या पाया पडली. माझी चुलत बहीण पदर डोळ्याला लावून म्हणाली, बघा, परक्या माणसाला किती माया. सगळ्यांना गहिवरून आलं. मी त्या दिवशी श्रीखंड दोनदा वाढून घेतलं.

माया घरातच राहिली, बातमी बाजारात गेली. 'नाना आता नावं चुकवतो.' नाव टाकणाऱ्याबद्दल एवढं एक वाक्य पुरतं. लग्नसराईत लोक चिठ्ठ्या घेऊन आले आणि तुझ्यासमोरून पुढे मशीनवाल्याकडे गेले. दिवाळीनंतर शेठनं ओट्यावर मशीन आणलं. त्यानं तुला काही वाईट म्हटलं नाही. पोतं घडी करून तुझ्या हातात दिलं, एवढंच. मी त्या बाजूनं जाणं सोडलं. भाजीसाठीसुद्धा लांबून फिरून जायचो. दोन वर्षं.

एकदाच तुला सापडलो, त्याच सिग्नलला. मी तुला बघून रस्ता ओलांडायचा थांबलो. तूच जवळ आलास. मला वाटलं, आता विचारशील. मी उत्तरही जुळवत होतो. तू विचारलंस, "पोर बोलस का आते?"

"बोलते."

"सोतानं नाव सांगस?"

"सांगते."

"मंग झायं," तू म्हणालास, आणि निघून गेलास.

काय झालं, नाना? काय झालं असं तुला वाटलं? खोटं अंगावर का घेतलंस? वैशूसाठी, बाळासाठी, सुमनसाठी, की माझी चाळीस माणसांत शोभा नको म्हणून? मला कधीकधी तुझा रागही येतो. तू तिथेच "मी नही टाकं" म्हणाला असतास तर मी एक दिवस लाजलो असतो आणि सुटलो असतो. हेही मी तुझ्यावरच ढकलतोय, कळतंय मला.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी वैशूला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, मी तिला रोज जेवताना गोष्ट सांगते. एक नानाआजोबा होते, त्यांना आजीची इतकी आठवण यायची की त्यांचा हातच चुकला. ती वरच्या टिंबांवर बोट ठेवून आओ म्हणते आणि खालच्या नावावर ठेवून आजी म्हणते. आता मी तिला काय सांगू?" तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन नाही. मी केला तर उचलत नाही.

आणि आज सकाळी वहिनींना सांगितलं. पेल्यांची खोकी त्यांच्या पुढ्यात होती. मी उभ्यानंच बोललो, बसायची हिंमत झाली नाही. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग तेस्ना हत्यारं मी कसाले दपाडी ठेवात?"

ते मला माहीत नव्हतं. हात गेला असं तूच म्हणालास, म्हणून त्यांनी तुझी छिन्नी-हातोडी धान्याच्या कोठीमागे लपवून ठेवली होती. पुन्हा कुणाचं भांडं हातात घेऊन तुझी फजिती होऊ नये म्हणून. तू एकदाही मागितली नाहीस म्हणे. आपण त्यांच्यावर माया करतोय, असं दोन वर्षं त्यांना वाटत होतं.

त्या आत गेल्या आणि तुझी पत्र्याची पेटी आणून माझ्या पुढ्यात ठेवली. उघडली. छिन्न्या कापडात गुंडाळलेल्या. त्याखाली तेलाच्या डब्याचे ते पत्रे, सरावाचे, आओ, आओ, आओ, एकावर शिरोरेषा. आणि पत्र्यांच्या खाली, चौपदरी घडी घातलेला कागद.

मी तो हातात घेतला तेव्हा उघडायच्या आधीच ओळखला. तलाठ्याला आपला कागद कळतो. 'वाटीवर आओ या नावाचे खाली सुमन असे टाकणे.' खाली, सवयीनं, माझी सही. पूर्ण, नावासकट.

तुझ्याकडे पुरावा होता, नाना. शेठनं पोतं घडी करून दिलं तेव्हा होता. गिऱ्हाइकं समोरून पुढे गेली तेव्हा होता. वहिनींनी हत्यारं लपवली तेव्हाही होता. एकदा हा कागद ओट्यावर ठेवला असतास तर तुझं नाव कुणी खोडू शकलं नसतं. तू तो जपून ठेवलास आणि कुणाला दाखवला नाहीस. फाडलाही नाहीस. तू तो माझ्यासाठीच ठेवला होतास का, हे मला कळायला आता काही मार्ग नाही.

वहिनींना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "काय लिखेल शे?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाचा."

मी वाचलं. तोंडातल्या तोंडात.

"माले ऐकू नही उना, आबा."

दुसऱ्यांदा वाचलं. मग त्यांनी पेटी बंद केली आणि म्हणाल्या, "सकाय बठ्ठासमोर हाई असंच वाचा. मंगच पेला वाटाना. नहीतं नही."

आता दुपार टळली आहे. उद्या सकाळी दहाला मांडव भरेल. शेठ येईल, मशीनवाला येईल, पदर डोळ्याला लावणारी माझी चुलत बहीण येईल. वैशूला निरोप धाडलाय, फोन चालू ठेव म्हणून. ती ठेवेल की नाही माहीत नाही. कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे आणि दर थोड्या वेळानं मी तो आहे का बघतोय. दाराला कडी लावून मी तो पाच वेळा वाचून पाहिला. चार वेळा 'सुमन'पाशी अडलो. पाचव्यांदा शेवटपर्यंत गेलो, सहीसकट.